तेरचा त्रिविक्रम : आकारावरून पंथ ठरतो का?

धाराशिव जिल्ह्यातले तेर हे तेरणेकाठचे गाव. वारकऱ्यांना ते गोरोबाकाकांचे म्हणून ठाऊक, तर इतिहासाच्या अभ्यासकांना ‘तगर’ म्हणून. ‘पेरिप्लस’मधले आणि टॉलेमीने नोंदवलेले तगर म्हणजे तेरच, असे फ्लीट यांनी १९०१ साली मांडले. पाठोपाठ हेन्री कझिन्स यांनी पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात इथल्या त्रिविक्रम मंदिराचे वर्णन केले आणि हे मूळचे बौद्ध चैत्यगृह असल्याचे मत दिले. पुढे अनेकांनी ते मत सिद्ध गोष्ट म्हणून उतरवून घेतले. त्याचा आधार मात्र पुन्हा तपासण्याजोगा आहे.

देऊळ विटांचे असून वर चुन्याचा गिलावा आहे. गाभाऱ्याचे मागचे टोक अर्धगोल, छत हत्तीच्या पाठीसारखे, दर्शनी भागी नालाकृती चैत्यकमान. पुढचा सपाट छताचा मंडप नंतरचा. कार्ले-भाजे पाहिलेल्या कोणालाही हा घाट ओळखीचा वाटेल. कझिन्स यांच्या मताचा मुख्य आधार हा घाटच आहे.

पण हा घाट एकट्या बौद्धांचा नाही. ऐहोळेच्या दुर्ग मंदिराचे विधान असेच चापाकार आहे आणि ते मुळातच हिंदू देवालय म्हणून उभे राहिले. गुडीमल्लमच्या परशुरामेश्वराचा गाभाराही गजपृष्ठाकार आहे. लाकडी बांधणीतून आलेला हा आकार वीट आणि दगडात उतरला, तो कारागिरांच्या हातून. आणि कारागीर सर्वच पंथांची कामे करीत.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. तेरच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले आहेत, म्हणजे इथे बौद्धांचा वावर होता यात शंका नाही. त्यामुळे चैत्याचे देऊळ होणे शक्य कोटीतले ठरते, पण तेवढ्याने ते सिद्ध होत नाही. आज एका बाजूला ‘बळकावले’ आणि दुसऱ्या बाजूला ‘पहिल्यापासून आमचेच’ असे म्हणणे सोपे झाले आहे. दोन्ही घोषणांना विटांची साक्ष नको असते.

ती साक्ष कशी काढायची, हे अवघड नाही. अर्धगोल टोकाशी, फरशीखाली, स्तूपाचा पाया आहे का? इथल्या विटांची मापे उत्खननातल्या स्तूपाच्या विटांशी जुळतात का? गाभारा आणि मंडप यांच्या भिंती एकमेकींत गुंफलेल्या आहेत, की नुसत्या टेकलेल्या? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर शंभर वर्षांच्या वादातला बराचसा भाग आपोआप गळून पडेल.

म्हणूनच भीती वाटते ती जीर्णोद्धाराच्या हौसेची. जुन्या विटेवर सिमेंट चढले की ओल आत कोंडते, वीट भुसभुशीत होते आणि सांधे कायमचे झाकले जातात. चुना खरवडून पुन्हा खाली पाहता येते. सिमेंट काढताना वीटही सोबत येते. गोरोबाकाकांच्या गावाला भाजलेल्या मातीचे मोल वेगळे सांगायला नको. देऊळ कोणाचे, हे ठरवण्याआधी ते वाचता येईल असे राखले पाहिजे.