गुण, कल आणि वाट: मार्गदर्शनपर गद्याची एक तपासणी

दहावी-बारावीचे निकाल लागले की मराठीत एका विशिष्ट गद्याला भरती येते. वृत्तपत्रांच्या पुरवण्या, शिकवणी वर्गांच्या पुस्तिका, गुणगौरव समारंभांतली भाषणे, 'बारावीनंतर काय?' अशा शीर्षकांची पुस्तके, या सर्वांचा विषय एकच असतो: कोणते विषय घ्यावेत, अभ्यास कसा करावा, गुण कसे वाढवावेत. कथा-कवितेच्या वाट्याला न येणारा वाचक या गद्याला मिळतो आणि तो त्याच्या भरवशावर आयुष्याचे निर्णय घेतो. तरीही समीक्षेने त्याच्याकडे क्वचितच पाहिले आहे. कोणत्याही गद्याला विचारावा तो प्रश्न यालाही विचारायला हवा: याने मनात धरलेला वाचक कोण आहे?

या गद्यातले सर्वांत आवडते क्रियापद 'निवडणे' हे आहे. आवडीचा विषय निवडा, योग्य महाविद्यालय निवडा, कल ओळखून शाखा निवडा. निवडण्यासाठी समोर एकापेक्षा अधिक गोष्टी असाव्या लागतात, हे मात्र गृहीत धरलेले असते. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात, परभणी-हिंगोली रस्त्यावर जवळा बाजार हे बाजारपेठेचे गाव आहे. अशा गावातल्या मुलीची शाखा तिच्या आवडीच्या आधी इतर गोष्टी ठरवतात: जवळपास विज्ञानाची तुकडी आहे का, गणिताला शिक्षक आहे का, संध्याकाळची शेवटची एसटी किती वाजता सुटते, नांदेडला खोली करून राहण्याइतके पैसे उसाच्या बिलातून उरतात का. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. अर्जात दहा महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरता येतात. शेवटच्या एसटीची वेळ भरायला रकाना नाही. मार्गदर्शनपर गद्यही त्या अर्जासारखेच लिहिलेले असते.

त्यातले दोन शब्द पाहू. पहिला 'गुण'. मराठीत परीक्षेतला आकडा आणि माणसाचा चांगुलपणा यांना एकच शब्द आहे. म्हणून 'गुणवंत विद्यार्थी' म्हणताना आकडा सहजपणे चारित्र्य होऊन बसतो आणि कमी गुणांचा मुलगा नकळत कमी गुणी ठरतो. २०१० साली राज्य मंडळाने दहावीला 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आणले, तेव्हा सर्वांत कमी गुणांचा विषय टक्केवारीतून वगळला गेला. आकडा किती मानवनिर्मित असतो याचा तो उघड पुरावा होता. गौरवाच्या भाषेत त्याने काही फरक पडला नाही.

दुसरा शब्द 'कल'. २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी झाली. कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांकडे मुलाचा ओढा किती, हे ती सांगत असे. हेतू चांगला होता, गुणांपलीकडे पाहण्याची ती धडपड होती. पण जमिनीचा कल पाण्याला दिशा देतो तो पुढे वाट मोकळी असेल तर. मध्ये बांध असेल तर पाणी तिथेच तुंबते. 'तुझा कल ललित कलेकडे आहे' असा कागद हाती आलेल्या मुलाला ते शिकण्याची जवळची जागा, तिचे शुल्क आणि वसतिगृह यांविषयी त्या वाक्यातून काहीच कळत नाही.

या गद्यातली मोठी उणीव परिणामांबाबत आहे. विषय घेण्यावर पाने खर्च होतात, विषय सोडण्यावर चार ओळी. अकरावीला गणित सोडले की अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखा हातच्या जातात, हे 'गणित अवघड जाते, जीवशास्त्र स्कोअरिंग आहे' या सल्ल्याशेजारीच छापलेले हवे. नीटची गुणवत्ता यादी ७२० गुणांच्या त्या परीक्षेवरच लागते. बारावीचे भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे गुण खुल्या प्रवर्गाला ५० व राखीव प्रवर्गांना ४० टक्के एवढ्या पात्रतेपुरते लागतात. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी वर्षभर चुकीच्या आकड्यामागे धावतो. नियमांचे राजकारणही या गद्यातून गायब असते. वैद्यकीय प्रवेशात ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या विद्यार्थ्यांना आणि ३० टक्के राज्यभरासाठी, असे सूत्र होते. मराठवाड्यात महाविद्यालये थोडी, त्यामुळे इथल्या मुलांना इतर विभागांतल्या मुलांहून अधिक गुण मिळवूनही जागा हुकत असे. सप्टेंबर २०२० मध्ये ते सूत्र रद्द झाले. तोवर कित्येकांना आपणच कमी पडलो असे वाटले असेल. 'मेहनत घ्या' एवढेच सांगणारे गद्य त्या समजाला खतपाणी घालते.

'लातूर पॅटर्न'ची नोंद येथे न्यायाने करायला हवी. राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या नावाशी जोडलेल्या या पद्धतीने उपदेशाऐवजी वेळापत्रक दिले: अभ्यासक्रम लवकर संपवणे, सराव परीक्षा, सोडवलेल्या उत्तरपत्रिकांची चर्चा. ग्रामीण मुलाला नेमके काय करायचे ते कळले, ही तिची मोठी कामगिरी. तिची मर्यादाही त्यातच आहे. परीक्षा कशी जिंकावी हे ती शिकवते. ही परीक्षा कोणी द्यावी, हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही.

याच्या उलट टोकाला प्रेरणाकथा आहेत. जिल्ह्यातल्याच कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर इंटरला एकाहून अधिक वेळा नापास झाले आणि पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले, ही गोष्ट 'गुणांना महत्त्व नाही' हे पटवायला वापरली जाते. तीत वगळले जाते ते असे: हैदराबादला त्यांचे मामा, व्यासंगी प्राध्यापक डॉ. ना. गो. नांदापूरकर होते, नांदेडला प्रतिभा निकेतन शाळेने त्यांना शिक्षक म्हणून सामावून घेतले. नापास मुलाला वाचणारे घर आणि विश्वास टाकणारी संस्था मिळाली. कुरुंदकरांची प्रज्ञा त्यांचीच होती, पण नुसत्या जिद्दीची गोष्ट सांगणे हे अर्धे चरित्र झाले.

औंढा नागनाथ तालुक्याला मूल्यमापनाची याहून जुनी गोष्ट ठाऊक आहे. गोरोबाकाकांनी थापटून पाहिले आणि नामदेव कच्चे मडके ठरले. आख्यायिका तिथे थांबत नाही. नामदेवांना औंढ्याला विसोबा खेचरांकडे जायची दिशा मिळते. निकाल, त्याचे कारण, पुढचा गुरू आणि त्याचे ठिकाण, हे सगळे एकाच गोष्टीत आहे. आजच्या मार्गदर्शनपर पुस्तिकेला याहून वेगळा निकष लावण्याचे कारण नाही. तिने मुलाला कच्चे की पक्के हे सांगावे, आणि लगेच पुढच्या ओळीत कुठे जायचे, कसे जायचे, किती खर्च येईल आणि तिथे कोण भेटेल हेही लिहावे.