चाप हलका झाला, पुरावाही हलका झाला

ठासणीच्या बंदुकांच्या आधुनिक प्रतिकृतींवर हल्ली बरंच लिहिलं आणि दाखवलं जातं. त्यातला एक प्रकार आम्हा ग्वाल्हेरकरांशी थेट संबंध असलेला आहे. कुणीतरी १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलची प्रतिकृती घेतो, तिची कळ उघडून घासतो, चाप लोण्यासारखा करतो, मग निशाणफळीवर जवळजवळ बसलेल्या गोळ्या दाखवून म्हणतो, "बघा, इंग्रजांच्या हातात हे होतं." पुढची उडी आपली मंडळी मारतात. म्हणे १८५८ च्या जूनमध्ये तात्या टोपे आणि राणीसाहेबांच्या फौजेचा टिकाव लागणं शक्यच नव्हतं, कारण समोर ही रायफल होती. या साखळीतली पहिली कडी मला कच्ची वाटते. पंचवीस वर्षं टूलरूममध्ये काढल्यामुळे ती कुठे कच्ची आहे ते दाखवता येईल असं वाटतं.

आधी शब्दांचं बघू. आपण बोलताना 'घोडा' दोन्हीला म्हणतो, टोपीवर आपटणाऱ्या भागालाही आणि बोटाने ओढायच्या भागालाही. इथे घोडा म्हणजे आपटणारा आणि चाप म्हणजे बोटाखालचा.

कळीची रचना साधी आहे. घोड्याच्या दांड्यावर आतल्या बाजूला टंबलर नावाची चकती असते. तिला दोन खाचा असतात. अर्धी खाच बंदूक जवळ बाळगताना सुरक्षित राहावी म्हणून, पूर्ण खाच उडवण्यासाठी. सिअर नावाच्या छोट्या तरफेचं नाक या खाचेत अडकतं. मुख्य स्प्रिंग टंबलरला सतत ढकलत असते. चाप ओढला की सिअरची शेपटी वर जाते, नाक खाचेतून सुटतं, घोडा टोपीवर पडतो. म्हणजे बोटाला जाणवणारा भार हा खाचेचा कोन, नाक किती खोल अडकलंय, पृष्ठभागांचं घर्षण, दोन्ही स्प्रिंगांचा जोर आणि चापाची खीळ कुठे बसवली आहे, या सगळ्यांचा मिळून असतो.

इंग्लंडात माझ्या भाच्याकडे अशी एक प्रतिकृती आहे. कुठल्या कारखान्याची ते इथे महत्त्वाचं नाही. ती उघडून बघितली. टंबलरच्या बाजूवर हत्याराच्या रेघा तशाच होत्या आणि तो कळपट्टीवर घासत होता. लाकडाचा कोरीव खड्डा एका ठिकाणी सिअरला टेकत होता. पूर्ण खाच इतकी आत वळलेली होती की चाप ओढताना घोडा आधी केसभर मागे जायचा आणि मग सुटायचा. चाप जड तर होताच, शिवाय ओढताना खरखर आणि दोन टप्पे जाणवायचे. असा चाप सुधारावासा वाटणं अगदी स्वाभाविक आहे. त्यात काही गैर नाही.

पण सुधारणा दोन जातींच्या असतात, आणि या प्रयोगांत त्या सर्रास एकाच टोपलीत टाकल्या जातात.

पहिली जात म्हणजे राहिलेलं काम पुरं करणं. घासणारा टंबलर मोकळा करायचा, लाकूड टेकतं तिथे पातळ थर काढायचा, खाच आणि नाक बारीक ऑइलस्टोनने, मूळ कोन न बदलता, गुळगुळीत करायचं. हे काम जपून करावं लागतं, कारण या भागांचा कडकपणा बऱ्याचदा वरच्या पातळ थरापुरताच असतो. तो थर कापला गेला की खालचं मऊ पोलाद झिजायला लागतं. आज छान वाटणारा चाप काही दिवसांनी आपोआप सुटण्याइतका हलका होतो.

दुसरी जात म्हणजे मूळ बंदुकीत नसलेलं काही आणणं. पूर्ण खाचेच्या तळाशी पातळ पत्रा किंवा बारीक स्क्रू बसवून नाक जेमतेम टेकेल असं करतात. चापाची खीळ हलवून तरफेचा फायदा वाढवतात. मुख्य स्प्रिंग पातळ करतात. शेवटचा उपाय सगळ्यात वाईट. घोड्याला नुसती टोपी फोडायची नसते, बार उडताना बोंडातून मागे येणारा दाबही त्याने धरून ठेवायचा असतो.

आणि यात एक मेख आहे. चाप फार हलका केला तर बोट लगेच ढिलं पडतं, सिअरचं नाक परत टंबलरकडे येतं आणि पडणाऱ्या टंबलरच्या अर्ध्या खाचेवर आदळतं. नाक तुटू शकतं. नेमबाजीच्या नाजूक कळींत हे टाळायला टंबलरमध्ये एक छोटी फिरती पट्टी असायची. लष्करी एन्फील्डच्या साध्या कळीत ती नसते. तिथे चापाचा जडपणाच नाकाला अर्ध्या खाचेवरून पार नेतो. म्हणजे तो जडपणा त्या रचनेचा भागच आहे, हे कुणी सांगत नाही.

लष्कराला जड चाप हवाच होता. टोपी चढवलेली बंदूक घेऊन शिपाई दाटीवाटीने, धक्काबुक्कीत चालणार. तिथे हलका चाप म्हणजे शेजाऱ्याच्या जिवाशी खेळ. त्यावर ब्रिटिशांचा उपाय तालमीचा होता. १८५३ मध्ये हाइथ इथे नेमबाजीची शाळा सुरू झाली. शिपाई बोंडावर संरक्षक टोपण बसवून, बार न भरता, पुन्हा पुन्हा चाप ओढायचा सराव करत. जड चापाशी माणसाने जुळवून घ्यायचं, अशी ती पद्धत.

याचा नेमावर परिणाम किती? ढोबळ हिशोब करू. एन्फील्डची पूर्ण लांबी ५५ इंच, म्हणजे सुमारे १.४ मीटर. जड चाप ओढताना रायफल खांद्याशी फिरून नळीचं तोंड फक्त एक मिलिमीटर हललं, तरी ३०० मीटरवर गोळी जवळपास वीतभर सरकते. नळी तीच, दारू तीच, गोळी तीच. वाळूच्या पिशवीवर टेकवलेली, हलक्या चापाची प्रतिकृती नळी किती अचूक आहे ते उत्तम सांगते. भर उन्हात धापा टाकत उभा असलेला शिपाई किती अचूक होता, ते ती सांगूच शकत नाही.

आता दुसरी बाजू. प्रतिकृतीचा खरखरीत चाप तसाच ठेवला तर तो तरी खरा का? तोही नाही. यंत्रांवर अदलाबदलीचे भाग करण्याची पद्धत एन्फील्डच्या सरकारी कारखान्यात १८५० च्या दशकाच्या अखेरीला, अमेरिकेतून आणलेल्या यंत्रांवर रुळली. त्याआधीच्या आणि खासगी कारखानदारांच्या बंदुकांच्या कळी वुल्व्हरहॅम्प्टन, डार्लस्टनकडच्या कारागिरांनी कानशीने घासून एकमेकींत बसवलेल्या असत. एकीचा टंबलर दुसरीत चालेलच असं नाही, पण आपल्या जागी तो मऊ फिरायचा. प्रतिकृतीच्या कारखान्याला हाताचं हे काम परवडत नाही. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलने १९७० च्या दशकात जुन्या गेजांच्या आधारे एन्फील्ड पुन्हा बनवल्या, ते मोठं काम झालं. पण गेज मापं जुळवतं, कारागिराचा हात जुळवत नाही. म्हणून पहिल्या जातीची सुधारणा प्रतिकृतीला मूळ बंदुकीच्या जवळ नेते आणि दुसरी लांब नेते. प्रयोग करणाऱ्याने आपण कुठे थांबलो, हे सांगायलाच हवं.

आपल्या मंडळात मोडी वाचणारे बरेच आहेत, त्यांना हे लगेच पटेल. कागद फाटला असेल तर आपण अंदाजाने शब्द भरतो, पण तो कंसात टाकतो. कंस काढून टाकला तर तो पुरावा राहत नाही, आपलं मत होतं. कळीचंही तसंच. चापाचा भार आधी किती, नंतर किती, कोणता भाग घासला, कोणता बदलला, हे चार आकडे-ओळी म्हणजे त्या प्रयोगाचे कंस. ते नसतील तर नेमबाजीचं कौतुक करावं, इतिहासासाठी उतारा घेऊ नये.

ग्वाल्हेरपुरतं बोलायचं तर कोटा-की-सरायच्या लढाईत राणीसाहेब पडल्या त्या घोडदळाच्या हल्ल्याच्या गर्दीत. तिथे ६०० यार्डांच्या नेमाचा प्रश्नच नव्हता. एन्फील्डचं श्रेष्ठत्व मी नाकारत नाही. आपल्याकडच्या शिपायांच्या हाती मुख्यतः गुळगुळीत नळीच्या बंदुका होत्या आणि लांब पल्ल्यावर तो फरक मोठाच होता. पण लढाया पुरवठा, ऊन, घोडदळ आणि नेतृत्व यांनीही ठरतात. सगळं ओझं एका कळीवर टाकू नये.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. बंडानंतर देशी पलटणींसाठी जी बंदूक आली ती बाहेरून हुबेहूब एन्फील्ड, पण आतून गुळगुळीत, .६५६ इंच व्यासाची. त्यामुळे जुन्या वाड्यात किंवा संग्रहात 'एन्फील्ड' दिसली की तज्ज्ञाकडून आधी ती रिकामी असल्याची खात्री करून घ्या आणि मगच नळीत पेटी दिसते का ते बघा. आणि तिची कळ अडकत असेल, खरखरत असेल, तरी कुणाला ती 'जरा घासून' देऊ नका. प्रतिकृतीचा टंबलर बिघडला तर नवा मिळेल. मूळ खाचेवर त्या कारागिराच्या कानशीची खूण आहे. ऑइलस्टोनचे दहा हात फिरले की ती कायमची गेली.