भातखाचरातले ‘ली’

नागा संगीत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पिसांची शिरोभूषणे आणि लाकडी नगारे उभे राहतात. गाणे कानांनी ऐकावयाचे असते, याचाच विसर पडतो. अनुष्का मीनाक्षी व ईश्वर श्रीकुमार यांच्या ‘खो की पा लू’ (२०१७) या माहितीपटाने आमचा हा विसर दूर केला.

नागालँडमधील फेक गावचे चाखेसांग नागा शेतकरी गट करून एकमेकांच्या डोंगरउतारावरील खाचरांत राबतात आणि राबताना गातात. चोक्री भाषेतील या गाण्यांना ‘ली’ म्हणतात. एकाने सूर सोडावा, दुसऱ्याने तो झेलावा, असे हे गायन. वाद्याची साथ नाही; हातांची लय हाच ताल. निवेदकाचा उपदेश मध्ये येत नाही, हे या कृतीचे मोठे बळ होय.

टेटसेओ भगिनींनी हेच ‘ली’ मंचावर नेले. ‘ली चॅप्टर वन’ (२०११) या ध्वनिसंग्रहातील त्यांचे गायन सुरेल आहे, आणि आपल्या बोलीत गाण्यात कमीपणा नाही हे ते तरुणांना पटवून देते. मात्र मंचावर श्रम गळून पडतात व सुबकपणा उरतो. मणिपूरचे तांगखुल गायक रूबेन माशांग्वा (पद्मश्री, २०२१) यांनी लोकसुरांना ब्लूजची जोड दिली. ते जुन्याची प्रतिकृती करीत नाहीत, नवे गाणे रचतात. म्हणून ते आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते.

येथे ख्रिस्ती वाचकाने थोडे अंतर्मुख व्हावे. १८७२ साली बॅप्टिस्ट मिशनरी क्लार्क आओ नागांच्या गावी पोहोचले. पुढे चर्चमधून समूहगायनाची उत्तम शिस्त रुजली. पण जुनी गाणी व उत्सव अनेक ठिकाणी वर्ज्य ठरले. लोकांच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये म्हटले, तोवर बरेच सूर मुके झाले होते.

जे उरले ते ध्वनिमुद्रणाने जतन होईल, या समजुतीत आम्ही नाही. ‘ली’ला शेजाऱ्याच्या खाचरात उतरणारी माणसे लागतात. ती एकत्र राबेनाशी झाली, तर सूर सापडेल. तो झेलणारा सापडणार नाही.