‘विश्व कोसळेल’ ही जुनीच धमकी

कार्टून म्हणजे पोराबाळांचा खेळ, हे आपल्या समीक्षेने गृहीतच धरले आहे. जिने आंबेडकरी जलशाला दाराबाहेर ठेवले आणि दलित आत्मकथनालाही पुष्कळ काळ उंबरठ्यावर तिष्ठत ठेवले, त्या समीक्षेकडून वेगळी अपेक्षा नाही. पण तिचे पाहून आपणही तोंड फिरवावे काय?

मी वसई-विरार भागातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. वर्गातली बरीच मुले नालासोपाऱ्याच्या चाळींतून येतात. जून 2023 मध्ये ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा अमेरिकन अॅनिमेशनपट भारतात दहा भाषांत लागला, त्यांत मराठीही होती. विरार लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हातातल्या मोबाईलवर तो पुन्हा पुन्हा पाहणारी मुले माझ्या वर्गात आहेत. यात एवढे आहे तरी काय, असे मी विचारले. एक मुलगी म्हणाली, “सर, त्याला सगळे सांगतात की तू इथे यायलाच नको होतास.”

त्या रात्री मी चित्रपट पाहिला.

माईल्स मोरालेस हा ब्रुकलिनचा काळा पोरगा. बाप पोलिसात, आई पोर्तो रिकोच्या वंशाची, दवाखान्यात नर्स. 2011 साली हे पात्र कॉमिकमध्ये आले. कोळी चावल्यामुळे त्याला सामर्थ्य मिळते. पण वेगवेगळ्या विश्वांतल्या स्पायडर-मॅनांची एक संघटना आहे आणि तिचा प्रमुख मिगेल ओ’हारा याच्यापाशी प्रत्येकाच्या आयुष्याचा ठरलेला आराखडा आहे. जवळच्या पोलीस कॅप्टनचा मृत्यू हे त्यातले एक कलम. माईल्सचा बाप कॅप्टन होणार आहे, म्हणजे तो मरणार. त्याला वाचवशील तर विश्व कोसळेल, असे मिगेल बजावतो. माईल्स नकार देतो. तेव्हा त्याला शेवटचे सत्य ऐकवले जाते : तुला चावलेला कोळी दुसऱ्याच विश्वातला होता, तो तुझ्यासाठी नव्हताच, मुळात तूच एक चूक आहेस. आणि हे ऐकवले जाते तेव्हा शेकडो नायक या एका पोराच्या मागे धावत असतात.

या चित्रपटाचा काळोख इथे आहे. 1993 च्या ‘बॅटमॅन : मास्क ऑफ द फँटॅझम’ या अॅनिमेशनपटातही काळोख होता, पण तो रात्रीचा, स्मशानाचा आणि एका श्रीमंत मुलाच्या खाजगी दुःखाचा होता. दुःख खरे असले तरी त्याला परतायला वाडा होता. ‘स्पायडर-व्हर्स’मध्ये रंगांची उधळण आहे आणि तरीही अंधार अधिक दाट आहे. कारण इथे अन्याय करणारे दुष्ट नाहीत. ती सज्जन माणसे आहेत. मिगेलने स्वतःची मुलगी गमावली आहे. तो जड अंतःकरणाने, व्यवस्थेच्या कल्याणासाठी, दुसऱ्याच्या बापाचा बळी मागतो.

हा युक्तिवाद आपण कुठे ऐकला आहे? रामायणाच्या उत्तरकांडात एका ब्राह्मणाचे मूल अकाली मरते. कारणाचा शोध घेतला जातो आणि सापडते काय, तर एक शूद्र तप करतो आहे. आपली जागा सोडून तो नको तिथे गेला, म्हणून जग बिघडले. राम शंबूकाचे शिर उडवतो आणि मूल उठून बसते. बाबासाहेबांनी 1936 साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये या कथेचे मर्म दाखवले : चातुर्वर्ण्य टिकवायचे तर दंड लागतोच; शंबूकाचा वध ही रामाची लहर नव्हती, ती व्यवस्थेची गरज होती. मिगेलच्या आराखड्याचे अगदी हेच आहे.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. बाप नाक्यावर उभा राहून बिगारी करायचा. नोकरीला लागलो तेव्हा स्टाफरूममध्ये एका ज्येष्ठाने चहा पुढे करीत विचारले, “तुमची जागा रोस्टरची ना?” स्वर प्रेमळच होता. पण त्यातला अर्थ एवढाच, की हा कोळी तुझ्यासाठी नव्हता. माझ्या विद्यार्थिनीने एका वाक्यात जे सांगितले, ते कळायला मला पुस्तके उघडावी लागली नाहीत.

म्हणून या चित्रपटाला डोक्यावर घ्यावे असे मात्र मी म्हणत नाही. त्यात ‘मुंबॅटन’ नावाची मुंबई आहे आणि तिथल्या भारतीय स्पायडर-मॅनचे नाव आहे पवित्र प्रभाकर! 2004 च्या मूळ कॉमिकमध्ये तर त्याला सामर्थ्य देणारा एक योगी होता आणि नायक धोतरात होता. ज्या शब्दाने आम्हाला पाणवठ्यावरून हाकलले, तोच शब्द भारतीय नायकाचे नाव व्हावा आणि ते कुणाला खटकूही नये? अमेरिकेतला नायक कल्पिताना निर्मात्यांना वंश दिसला. भारतातला कल्पिताना जात दिसली नाही. मुंबॅटनमध्ये ट्रॅफिक आहे, चहा आहे, इंग्रजांच्या लुटीवर विनोद आहे. गटारात उतरणारा माणूस मला कुठे दिसला नाही. तरी एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे : माईल्स ठरलेला मृत्यू पहिल्यांदा टाळतो तो याच मुंबॅटनमध्ये, इन्स्पेक्टर सिंगला वाचवून.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. महानायकाची कल्पना आपल्याला मानवणारी आहे काय? 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते, की राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. 1927 साली महाडला तळ्याचे पाणी बाबासाहेबांबरोबर हजारोंनी प्यायले. एकट्याच्या उडीवर ते तळे मोकळे झाले नसते. चित्रपटालाही याची थोडी जाण असावी. ग्वेनचा बाप कॅप्टनची नोकरीच सोडतो, म्हणजे आराखडा साध्या माणसाच्या निर्णयानेही मोडतो. आणि शेवटी ग्वेन सोबती जमवून माईल्सच्या शोधात निघते. कथा तिथेच अपुरी थांबते.

नालासोपाऱ्याला सोपाऱ्याचा स्तूप आहे. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्याचे उत्खनन केले. स्पायडर-मॅनची सगळी विश्वे पाठ असलेल्या माझ्या मुलांपैकी अनेकांनी तो पाहिलेला नाही. ‘दिव्यावदाना’त याच शूर्पारकाच्या पूर्णाची कथा आहे. पूर्ण हा व्यापाऱ्याला दासीपासून झालेला मुलगा. भावांनी वाटण्या केल्या तेव्हा दासीपुत्राला कसला वाटा, असे म्हणून त्यांनी त्यालाच मालमत्तेत मोजले. हाही एक आराखडाच होता. पूर्णाने तो मानला नाही. स्वतःच्या अकलेने तो व्यापारी झाला, पुढे भिक्खू झाला, आणि कथा सांगते की त्याच्यामुळे बुद्ध शूर्पारकाला आले.

मी हे वर्गात सांगितले. ती मुलगी म्हणाली, “मग सर, शूर्पारक कोसळले का?”

शंबूकाच्या वेळी हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.