साभार परत : एक रसग्रहण

मराठी साहित्यात ‘साभार परत’ इतकी आटोपशीर कृती दुसरी नाही. माझी कादंबरी सहा प्रकाशकांकडून परत आली आहे; तेव्हा या दोन शब्दांवर बोलायचा मला अधिकार आहे.

शैली निर्दोष. फक्त कारण दिलेलं नसतं. आम्ही बँकवाले चेक परत करतानासुद्धा ‘शिल्लक अपुरी’, ‘सही जुळत नाही’ असं लिहून देतो. गिऱ्हाईक निदान सही तरी सुधारतं! मी काय सुधारू?

आमच्या माणहून देहू जवळच. इंद्रायणीनं तुकोबांच्या वह्या तेरा दिवसांत कोरड्या परत केल्या म्हणतात. माझं सहावं बाड आठ महिन्यांनी आलं, तेही चहाच्या डागासकट. डाग पाहून हरखलो. कुणीतरी वाचलं असणार! पण चाळीस-एकेचाळीस ही पानं मी मुद्दाम डिंकानं चिकटवली होती. ती तशीच होती.

बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या. मुलानं, सोपानदेवांनी, वही दाखवली. अत्र्यांनी ती उघडून वाचली, म्हणून १९५२ साली त्यांची गाणी छापून आली. उघडून वाचली, एवढंच!

उद्या सातव्यांदा पाठवतोय. या खेपेला डिंक लावलेला नाही. काही खात्यांची शिल्लक न विचारलेलीच बरी.