ब्रॉडवेवरची फुलराणी

२०१९ च्या मे महिन्याच्या सुट्टीत न्यू जर्सीला पुतण्याकडे जायचे ठरले, तेव्हा त्याने फोनवर विचारले, "काका, नायगाराचं बुकिंग आताच करून टाकू का?" मी म्हटले, "नायगारा काकूला दाखव. मला नाटकं दाखव." तो हसला, पण त्याला नवल वाटले नाही. नाटकाचे वेड आमच्या घरात आजोबांपासूनचे. बालगंधर्वांचा खेळ बेळगावात लागला की आजोबा भाकरी बांधून बैलगाडीने यायचे आणि पहाटे भैरवी ऐकून त्याच गाडीत झोपून परत जायचे. नातवाने विमानाने जाऊन तेच केले, एवढाच फरक.

ब्रॉडवे हा न्यूयॉर्कमधला एक रस्ता आहे हे खरे. पण नाटकाच्या हिशेबात ब्रॉडवे म्हणजे मॅनहॅटनमधली पाचशे किंवा त्याहून अधिक खुर्च्यांची ४१ नाट्यगृहे. बहुतेक टाइम्स स्क्वेअरच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत. तिथल्याच एका चौकात लाल पायऱ्यांचा एक उंच कट्टा आहे आणि त्याच्या पोटात तिकिटाची खिडकी. त्याच दिवसाच्या खेळांची उरलेली तिकिटे तिथे सवलतीत मिळतात. ही सोय १९७३ पासूनची. मी रांगेत दीड तास उभा राहिलो आणि तो दीड तास मला नाटकाइतकाच आवडला. माझ्यापुढे ओहायोहून आलेल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. दरवर्षी आठ दिवस येतात, आठ दिवसांत दहा खेळ पाहतात. प्रेक्षकांना फुकट मिळणारी 'प्लेबिल' ही पुस्तिका त्यांनी प्रत्येक खेळाची जपून ठेवली आहे. कुठल्या साली कोणती नटी आजारी होती आणि तिच्या जागी कोण उभी राहिली, हे त्यांना तोंडपाठ. गावोगावी असे लोक असतात. आमच्याकडे ते "नारायणरावांचा त्या रात्रीचा आवाज" म्हणून सुरुवात करत.

बाईंनी विचारले, तुमच्याकडे गाण्याची नाटके आहेत का? मी सांगितले की अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले, आणि हे अण्णासाहेब जन्माने आमच्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. बाईंनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाल्या, "म्हणजे आमच्या 'शो बोट'च्या ४७ वर्षे आधी!" परदेशात आपली छाती अशी फुगते, तेव्हा ती किती फुगू द्यावी याचे भान राहत नाही. तेवढ्यात खिडकी आली, हे बरे झाले.

पाहिलेल्या तीन संगीतिकांपैकी दोघींबद्दल थोडक्यात सांगतो. 'फँटम ऑफ द ऑपेरा' मॅजेस्टिकमध्ये १९८८ पासून चालू होते. पुढे १६ एप्रिल २०२३ ला ते थांबले तेव्हा १३,९८१ प्रयोग झाले होते. चाली गोड आहेत, पण प्रत्येक भावना एकाच उंचीवरून ओरडून सांगितलेली. पहिल्या अंकाच्या शेवटी झुंबर कोसळते. ते कोसळावे म्हणून लोक आलेले असतात आणि ते कोसळते. त्यानंतर उरलेल्या नाटकाची वाट पाहण्यासारखे मला फारसे काही सापडले नाही. 'लायन किंग'चे उलटे. पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षकांमधल्या वाटेने हत्ती, पक्षी, हरणे चालत येतात. मुखवट्यामागचा माणूस लपवलेला नसतो आणि तरी जनावर खरे वाटते. दशावतार आणि यक्षगान पाहत वाढलेल्या माणसाला ही भाषा कळते, माझ्या डोळ्यांत पाणी आले. पुढची गोष्ट मात्र पोरकट आहे.

आता 'माय फेअर लेडी'. माझ्या लेखाचा विषय खरे तर हाच.

मूळ संगीतिका १५ मार्च १९५६ ची. शब्द अ‍ॅलन जे लर्नर यांचे, संगीत फ्रेडरिक लोव यांचे; रेक्स हॅरिसन आणि ज्यूली अँड्र्यूज या जोडीने ती सुरू झाली आणि २,७१७ प्रयोग चालली. ज्या मार्क हेलिंजर नाट्यगृहात ती झाली, तिथे आता चर्च आहे. मी पाहिला तो लिंकन सेंटरमधला बार्टलेट शेर यांनी बसवलेला नवा प्रयोग. तो २०१८ च्या एप्रिलमध्ये सुरू झाला आणि २०१९ च्या जुलैमध्ये थांबला. मी पाहिला तेव्हा लॉरा बेनान्टी एलायझा होत्या आणि हॅरी हॅडन-पेटन प्रोफेसर हिगिन्स. तिकीट पुतण्याने काढले होते. त्याची किंमत रुपयांत किती, हे मी सौ.ला अजून सांगितलेले नाही.

गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. शॉचे 'पिग्मॅलियन' पु. लं.नी १९७५ साली 'ती फुलराणी' म्हणून मराठीत आणले आणि भक्ती बर्वे यांची मंजुळा घराघरांत पोचली. लंडनच्या बाजारात फुले विकणारी, गावंढळ बोलणारी मुलगी. उच्चारशास्त्राचा एक प्रोफेसर पैजेवर तिला सहा महिन्यांत सरदारघराण्यातल्या बाईसारखे बोलायला शिकवतो.

संगीत नाटकावर वाढलेला माणूस तिथे बसतो तेव्हा पहिली अडचण टाळ्यांची होते. आपल्याकडे पद आले की घड्याळ थांबते. शकुंतला असो वा सिंधू, ती एका भावनेत उभी राहते, त्या भावनेचे सगळे कोपरे सुरांनी उजळतात, आणि मन भरले नाही तर आपण 'वन्स मोअर' म्हणतो. लिंकन सेंटरमध्ये स्पेनमधल्या पावसाचे ते सुप्रसिद्ध गाणे आले. रात्र उलटून गेलेली, तिघेही थकलेले, आणि अचानक एलायझाच्या तोंडून तो अवघड स्वर बरोबर उमटतो. तिघे आनंदाने नाचू लागतात. माझ्या तोंडून 'वन्स मोअर' निघता निघता राहिले, आणि त्याच क्षणी लक्षात आले की इथे ते शक्यच नाही. वन्स मोअर दिला तर एलायझाला आधी पुन्हा चुकीचे बोलावे लागेल! गाण्यापूर्वी ती जिथे होती तिथे गाण्यानंतर ती नसते. जे आपण गद्य प्रवेशावर सोपवतो ते काम इथे गाण्यानेच उरकलेले असते.

यात श्रेष्ठ काय, हा वाद घालायला मी तयार आहे. तिथले वाद्यवृंदाचे काम घोटून घोटून गुळगुळीत झालेले असते. मंगळवारचे गाणे आणि बुधवारचे गाणे यांत सूतभर फरक पडत नाही. आजोबा एकच नाटक अकरा वेळा पाहत ते तो फरक ऐकण्यासाठीच. ते सुख तिथे मिळणार नाही. पण गाण्याने माणसाला एका जागेवरून दुसऱ्या जागी नेऊन सोडावे, ही गोष्ट आपल्या नाटककारांनी आणखी थोडी आपलीशी केली असती तर संगीत नाटकाची उतरती कळा काही वर्षे लांबली असती, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट मला प्रयोग पाहताना सुचली, पूर्वी चित्रपट पाहताना सुचली नव्हती. हिगिन्स गात नाही. रेक्स हॅरिसन गायक नव्हते म्हणून त्यांच्यासाठी तालात बोलायची गाणी बांधली, हे सर्वांना माहीत आहे. पण योगायोगाने घडलेल्या या गोष्टीला किती अर्थ आला आहे पाहा. ज्याच्याकडे भाषा आहे त्याच्याकडे गळा नाही, आणि जिच्याकडे भाषा नाही म्हणून तो हिणवतो तिच्या गळ्यात सगळे सूर आहेत. 'एकच प्याला'त गणपतराव बोडसांचा सुधाकर गद्य आणि बालगंधर्वांची सिंधू गाणारी, ही वाटणीही अशीच. सुधाकराकडे वकिलाची वाणी आहे. ऐकत राहावेसे वाटते ते सिंधूला.

आणि तिसरी गोष्ट. पैज जिंकून मंडळी रात्री घरी येतात. हिगिन्स आणि कर्नल पिकरिंग एकमेकांचे अभिनंदन करणारे एक लांबलचक गाणे म्हणतात: कसे केलेत, किती शर्थ केलीत. घरातले नोकरचाकरही त्यात सामील होतात. एलायझा एका बाजूला उभी. तिच्याकडे कोणी पाहत नाही. गाणे खुसखुशीत आहे, प्रेक्षक हसत होते. मीही हसत होतो आणि मधेच थांबलो.

काही वर्षांपूर्वी खानापूरकडच्या एका खेड्यातली मुलगी आमच्या शाळेत होती. आवाज खणखणीत, विचार स्वतःचे. भाषा मात्र आमच्या भागातली. मुली इथे "मी येतो", "मी जातो" म्हणतात, आणि "काय करालाईस?" हा तर आमचा नमस्कार. वक्तृत्व स्पर्धेसाठी मी तिला महिनाभर शाळा सुटल्यावर बसवून घेतले. "येतो नव्हे, येते. पुन्हा म्हण." ती पुन्हा म्हणे. तिने दुसरा क्रमांक आणला. बक्षीस समारंभात आम्ही शिक्षकांनी एकमेकांचे हात हातात घेतले, फोटो निघाला. ढाल माझ्या खोलीतल्या कपाटावर आहे. नंतर एका बाजाराच्या दिवशी तिची आई भेटली. म्हणाली, "सर, आता घरात गप्पच असती. बोलली की आमचंच चुकलं म्हणती." मी हे कौतुक समजून हसलो होतो. लिंकन सेंटरच्या अंधारात त्या फोटोत ती मुलगी कुठे उभी होती ते आठवायचा मी प्रयत्न केला, आणि आठवेना.

या नाटकाबद्दल लिहिणारे बहुतेक शेवटावर भांडतात. शॉने एलायझा आणि हिगिन्स यांचे जमू दिले नव्हते. पण १९१४ च्या लंडनच्या प्रयोगांत हिगिन्स झालेले हर्बर्ट ट्री पडदा पडता पडता तिच्याकडे फुले फेकत, आणि शॉ चिडत. पुढे १९१६ साली त्याने पुस्तकाला उपसंहार जोडून तिचे लग्न फ्रेडीशी लावून टाकले. लर्नर यांनी तिला हिगिन्सच्या घरी परत आणले. तो टोपी डोळ्यांवर ओढून चपला मागतो आणि पडदा पडतो. शेर यांच्या प्रयोगात ती परत येते, त्याच्या गालाला हात लावते, आणि रंगमंचावरून खाली उतरून प्रेक्षकांमधून चालत निघून जाते. आमच्या रांगेपासून चार हातांवरून ती गेली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

माझ्या मते नाटकाचे मर्म शेवटात नाही, त्याच्या थोडे आधी आहे. हिगिन्सचे घर सोडून एलायझा पहाटे आपल्या जुन्या बाजारात जाते. शेकोटीपाशी तेच लोक बसलेले असतात, ज्यांच्याबरोबर तिने पहिल्या अंकात गाणे म्हटले होते. तीच चाल पुन्हा वाजते. ते लोक तिला ओळखत नाहीत. अदबीने बाजूला सरतात. प्रवेश जेमतेम काही मिनिटांचा आहे आणि त्यावर कोणी टाळी देत नाही. शॉच्या नाटकात हा प्रवेश नाही. लर्नर आणि लोव यांनी शॉला दिलेले उत्तर मला या प्रवेशात दिसते, चपलांच्या प्रसंगात नाही. भाषा बदलली की माणूस वर चढतो, हे शॉचे गणित. खालची शिडी कोणी काढून घेतली, हे या चालीने विचारले आहे.

मग पु. लं.नी काय केले? संगीत नाटकाच्या देशात त्यांनी हे नाटक गद्य ठेवले, आणि अमेरिकेने ते गाऊन दाखवले, ही गंमत आहेच. पण मंजुळेचे ते सूडाचे स्वगत आठवा. त्याची जागा शॉच्या नाटकात नाही. 'माय फेअर लेडी'त मात्र एलायझा तिथे संतापून गाते. पु. लं.नी गाणे उचलले आणि त्याचे बोलणे केले. ते बोलणे मंजुळेच्या स्वतःच्या बोलीत आहे आणि प्रोफेसरच्या सगळ्या शुद्ध वाक्यांवर भारी पडते. गॅदरिंगमध्ये मुली करतात ते तेच स्वगत. सुधारलेल्या मंजुळेचे भाषण कोणी करत नाही. मराठी प्रेक्षकाने आपला कौल असा कधीच देऊन ठेवला आहे. आम्हा मास्तरांच्याच ते कानावर आले नाही.

खेळ सुटल्यावर पेन स्टेशनवरून न्यू जर्सीची गाडी पकडली. पुतण्याची बायको हुबळीची, कन्नड घरातली. मराठी लग्नानंतर शिकली. ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "काका, ती कुठे गेली असेल हो?"

मी म्हटले, "स्वतःच्या पायावर उभी राहील. शिकवण्या घेईन असं तिनंच बजावलंय की हिगिन्सला."

"म्हणजे ती आता दुसऱ्या फुलवालीला 'पुन्हा म्हण' म्हणणार," ती म्हणाली आणि हसली. "लग्नानंतर पहिल्या दिवाळीला मी तुम्हाला 'तुम्ही जेवण केला काय' विचारलं होतं, आठवतंय? तुम्ही सगळ्यांच्या पंक्तीत सुधारलं होतं."

मला आठवत नव्हते. पुतण्या म्हणाला, "काका, उठा, सिकॉकसला गाडी बदलायची आहे."