शस्त्र प्रत्येकाच्या हाती, दोरा कोणाच्याच नाही : मनोरंजन उद्यानांतील थीसियस आणि अलीबाबा

ग्रीक पुराणकथेत क्रीट बेटावरील चक्रव्यूहात थीसियस शिरतो आणि अर्धा मानव, अर्धा बैल असलेल्या मिनोटॉरला ठार करतो. परंतु कथेतील खरा पेच मारण्याचा नाही, बाहेर पडण्याचा आहे. तो पेच राजकन्या एरिआड्नी सोडविते. दाराशी बांधून आत उलगडत न्यावयाचा दोऱ्याचा गुंडा ती थीसियसच्या हाती देते. दोरा नसता तर विजयी वीरही चक्रव्यूहातच उपाशी मेला असता. स्पेनमधील बेनिडोर्म येथे 2000 साली सुरू झालेल्या ‘टेरा मिटिका’ या उद्यानात या चक्रव्यूहाची अंधारसफर उभारली गेली. तीत प्रेक्षक गाडीत बसतो, प्रकाशकिरण सोडणारे शस्त्र हाती घेतो आणि समोर येणाऱ्या प्राण्यांवर नेम धरतो. गाडी ठरलेल्या मार्गाने आपोआप बाहेर येते. म्हणजे कथेतील अवघड काम यंत्राने उचलले आणि सोपे काम प्रेक्षकाला दिले.

हाच साचा 2013 साली महाराष्ट्रात आला. रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ ‘अ‍ॅडलॅब्ज इमॅजिका’ हे उद्यान सुरू झाले. तेथील ‘अलीबाबा और चालीस चोर’ ही सफरही नेमबाजीचीच आहे. चोरांवर नेम धरावयाचा आणि गुण मिळवावयाचे. ग्रीक वीराच्या जागी अरबी कथेचा नायक आला, बंदूक तीच राहिली.

अलीबाबाच्या बाबतीत ही अदलाबदल अधिक खटकते, कारण मूळ कथेत अलीबाबा कोणाशीच लढत नाही. तो लाकूडतोड्या आहे. झाडावर लपून परवलीचे शब्द ऐकतो, एवढेच त्याचे कर्तृत्व. पुढचे सारे कनीज मर्जिना करते. कासिमच्या प्रेताचे तुकडे गुपचूप शिवून घेण्यासाठी बाबा मुस्तफा या मोच्याला डोळे बांधून घरी आणण्याची युक्ती तिची. चोरांनी दारावर खडूची खूण केली, तेव्हा आजूबाजूच्या दारांवर तशाच खुणा तिने केल्या. दिव्यातले तेल संपले म्हणून ती अंगणातील बुधल्यांकडे गेली. आतून हलक्या आवाजात ‘वेळ झाली का?’ असा प्रश्न आला. ती किंचाळली नाही. सरदाराच्या वतीने ‘अजून नाही, थोड्या वेळाने’ असे उत्तर देत प्रत्येक बुधल्याजवळून गेली. एका क्षणात प्रसंग ओळखणे, आवाज न बदलणे आणि मोजदाद करणे या तिन्ही गोष्टी बुद्धीच्या आहेत. त्यानंतरचे उकळते तेल क्रूर आहे, हे मान्य केले पाहिजे. मुलांच्या आवृत्त्या तो भाग सौम्य करतात, त्यात वावगे नाही. मात्र क्रौर्य गाळताना अक्कलही गाळली जाते, तेव्हा हाती काय उरते? मर्जिनेचे चित्र सफरीतील भिंतीवर आहे की नाही हा प्रश्न गौण आहे. नेमबाजीच्या या रचनेत तिच्या कामाला जागाच नाही.

उर्दू दास्तानांचे अध्यापक यातील उणीव लगेच ओळखतील. ‘दास्तान-ए-अमीर हमजा’मध्ये हमजाच्या शौर्याशेजारी अमर अय्यारची चलाखी नसती तर कित्येक तिलिस्म फुटलेच नसते. बळ आणि अय्यारी यांची जोडी हा दास्तानीचा कणा आहे. आपल्या लोकप्रिय कलांनी हे बऱ्याच अंशी ओळखले होते. 1973 च्या बंगाली चित्रपटाचे नावच ‘मर्जिना अब्दुल्ला’ होते. 1980 च्या हिंदी ‘अलीबाबा और चालीस चोर’मध्ये मर्जिनेच्या भूमिकेत हेमा मालिनी होती.

यावर कोणी म्हणेल की अलीबाबाची कथा तरी कुठे अस्सल आहे? आक्षेप अगदीच पोकळ नाही. ‘अलिफ लैला’च्या जुन्या अरबी हस्तलिखितांत ती आढळत नाही. हलबच्या हन्ना दियाब याने 1709 साली पॅरिसमध्ये ती आन्त्वान गालां यांना सांगितली आणि 1717 साली ती फ्रेंचमध्ये छापली गेली. कथा पहिल्यापासूनच सांगणाऱ्याच्या तोंडी बदलत आली आहे. उद्यानालाही तो अधिकार आहेच. प्रश्न आहे तो बदल कोणत्या दिशेने झाला याचा. आणि यंत्राला लढाईच दाखविता येते, असेही नाही. टोकियो डिस्नेसीमधील सिंदबादची जलसफर 2001 साली सुरू झाली तेव्हा तिच्यात झुंज आणि भय अधिक होते. 2007 साली ती पुन्हा रचण्यात आली आणि गाणे व मैत्री पुढे आली. होमरच्या एकाक्ष राक्षसाची आठवण करून देणारा, सिंदबादच्या तिसऱ्या सफरीतला दैत्यही तेथे शत्रू राहिला नाही. रूळ होता तसाच राहिला, कथा बदलली.

बालाघाटसारख्या सीमेवरच्या जिल्ह्यात अध्यापकाला एक सोय आहे. येथे एकाच वर्गात ‘खुल जा सिमसिम’ आणि ‘तिळा तिळा दार उघड’ ही दोन्ही वाक्ये मुलांना ठाऊक असतात. अरबीत सिमसिम म्हणजे तीळच. एका भाषेने ध्वनी ठेवला, दुसरीने अर्थ. कासिम नेमका हा शब्द विसरतो, इतर धान्यांची नावे घेत राहतो आणि जिवाला मुकतो. रुळावरच्या गाडीत बसलेल्याला मात्र कोणताच शब्द आठवावा लागत नाही. म्हणून सफर पाहून आलेल्या विद्यार्थ्याला ‘किती गुण मिळाले?’ यापेक्षा ‘अलीबाबाला कोणी वाचविले?’ हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरेल, विशेषतः मुलींच्या वर्गात.

एरिआड्नी आणि मर्जिना शेजारी ठेवल्या तर चर्चा आणखी पुढे जाते. थीसियस आपल्याला वाचविणारीला नाक्सोस बेटावर सोडून निघून जातो. मर्जिनेला गुलामीतून मुक्ती मिळते आणि अलीबाबाच्या मुलाशी तिचा निकाह होतो. गालांच्या कथेतला न्याय ग्रीक कथेपेक्षा निश्चितच उजवा आहे. तरीही गुहेचे रहस्य अलीबाबा शेवटी सांगतो ते मुलाला. ज्या सुनेने घर राखले, तिला नाही.